फायबर होडीचा तडा: पाण्याच्या रेषेखाली पॉलिएस्टर बंद करा

खाडीवरचा:
मुद्दा मांडतो, मग हवं तेवढं धोपटा.

कोकणात फायबरच्या होडीला तडा गेला की उपाय ठरलेला. वरवर ग्राइंडर फिरवायचा, पॉलिएस्टर रेझीनमध्ये भिजवलेले मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईचे, दोन तुकडे थापायचे, पुट्टी, रंग, आणि होडी परत पाण्यात. पुढच्या हंगामात तो तुकडा कडेने उचलायला लागतो आणि पुन्हा तोच खेळ. माझं म्हणणं एवढंच की पाण्याच्या रेषेखालच्या तड्याला पॉलिएस्टर लावणं बंद करावं. तिथे एपॉक्सी हे दुसरं, जास्त घट्ट धरणारं रेझीनच हवं.

नवी होडी साच्यात घडते तेव्हा एक थर पुरता कडक व्हायच्या आत दुसरा बसतो, म्हणून सगळे एकजीव होतात. दहा वर्षांनी त्या कडक झालेल्या अंगावर नवं पॉलिएस्टर लावलं तर रासायनिक जोड जवळजवळ होतच नाही. ते नुसतं घासलेल्या खाचांना धरून राहतं. त्यात सुकताना ते आकसतं, म्हणजे कडा पहिल्या दिवसापासून ओढलेल्या. एपॉक्सी आकसतं कमी आणि धरतं कितीतरी घट्ट. नौदलाची शिडाची नौका ‘म्हादेई’ गोव्यात बांधली ती लाकडी पट्ट्यांची, वर काचेचं कापड आणि एपॉक्सी. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या लाटांना जे पुरलं ते मालवणजवळच्या देवबागच्या खाडीला पुरणार नाही?

तांडेल:
म्हादेई नौदलाची, माझी होडी माझी. एपॉक्सीचो भाव पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी जास्त, तो कोण देतलो? आणि होडी चार दिवस पुळणीर पडली तर घरात काय शिजतला? पॉलिएस्टरात हार्डनर घातलो की अर्ध्या तासात गोठता, दुसऱ्या दिवशी जाळा घेवन भायर. तुमचा एपॉक्सी रात्रभर चिकटाच ऱ्हवता. दक्षिणेचो समुद्र ऱ्हवांदे, आमका सकाळची भरती गाठूची आसता.

रेझीन_बादली:
खाडीवरचा, उदाहरण फसवं आहे. म्हादेई मुळातच एपॉक्सीत बांधलेली. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या मॅट आणि पॉलिएस्टरच्या. माझा धंदा हाच, म्हणून लांबलचक लिहितो.

सुटून आलेला तुकडा उलटा करून बघा. पाठ गुळगुळीत, चकचकीत दिसली तर समजा की खाली जुना रंग किंवा जेलकोट, म्हणजे होडीचा बाहेरचा चकचकीत थर, तसाच होता. तिथे एपॉक्सी लावलं असतं तर तेही रंगालाच चिकटलं असतं, होडीला नाही. दोष रेझीनचा नाही, घासणाऱ्याचा.

आधी गोड्या पाण्याने धुवा, मग ॲसिटोनने पुसा, मग ग्राइंडर. क्रम उलटा केला तर मेण, डिझेल आणि मासळीचं तेल खाचांत रगडलं जातं. जेलकोट असतो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. चाळीस नंबरची, म्हणजे खरबरीत, घासायची डिस्क त्याच्याखाली, खडखडीत काच दिसेपर्यंत गेलीच पाहिजे. मग उतार. तड्याच्या कडा जाडीच्या बारापट लांबीपर्यंत उतरत्या करायच्या. अंग ५ मिमी जाड असेल तर दोन्ही बाजूंना ६०-६० मिमी. आपल्याकडे बोटभर घासतात आणि वर म्हणतात, टिकत नाही. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर सुकून साधारण १ मिमी भरतो. म्हणजे ५ मिमी अंगाला पाच थर. दोन नव्हेत! पण पाचही एका दमात नको. तीन झाले की थांबायचं, नाहीतर आतल्या आत तापून धूर निघतो.

आता एपॉक्सीवाले जे सांगत नाहीत ते. बाजारातल्या साध्या मॅटचे तंतू ज्या डिंकाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, म्हणून मॅट मऊ पडून कोपऱ्यात बसते. एपॉक्सीत स्टायरीन नाही. मॅट ताठ राहते, आत पांढरे डाग राहतात, आणि तो डाग म्हणजे कोरडी काच. एपॉक्सीला विणलेलं नाहीतर शिवलेलं कापड लागतं. ते तालुक्याच्या दुकानात मिळतं का बघा. दुसरं असं की एकदा एपॉक्सी लावलं की त्या जागी पुढे कायम एपॉक्सी. सुकलेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. दोन वर्षांनी घाईत कुणीतरी त्यावर पॉलिएस्टर थापणार, ते निघणार, आणि मग शिव्या कुणाला?

वल्हं_आणि_वारा:
तुम्ही दोघं औषधावर भांडताय, रोग कुणीच विचारला नाही. तडा कसा दिसतो ते आधी बघा.

एका बिंदूतून चांदणीसारख्या रेघा फुटल्या असतील तर काहीतरी आदळलंय, खडक किंवा जेटीचा खांब. एकमेकींना समांतर, एका सरळ पट्ट्यात रेघा असतील तर अंग तिथे वाकतंय. बहुतेकदा त्याच्या मागे आतला आडवा पडदा किंवा लांब वासा असतो. वाशाशी अंग ताठ, शेजारी लवचीक. लाटेगणिक तिथेच घडी पडते. असा तडा एपॉक्सीने भरा, सोन्याने भरा, परत येणार. आतून वाशाची जोडणी सुटली आहे का ते बघून, आधार पसरट करून, मगच बाहेरून भरायचं. आणि उत्साहाने जाड ठिगळ लावाल तर तेच नवं ताठ ठिकाण होतं आणि त्याच्या कडेला नवीन रेघ उमटते. हे मी जास्त करून एपॉक्सीच्या कामात पाहिलंय, कारण महाग आणलं म्हणून माणूस उरलेलं सगळं तिथेच संपवतो.

खाडीवरचा:
कारण शोधा हे कोण नाकारतंय? पण कारण सापडल्यावरही काहीतरी लावायचंच आहे. आणि रेझीन_बादली, तुम्ही सांगता तसं घासणारा माणूस मला दाखवा. काम जिथे हमखास अर्धवट होतं तिथे चुका पोटात घालणारं साहित्य वापरावं.

रेझीन_बादली:
एपॉक्सी चुका पोटात घालतं? उलट आहे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर १ ते २ टक्के. थोडं कमी झालं तर उशिरा गोठेल, थोडं जास्त झालं तर लवकर, पण गोठेल. एपॉक्सीचं माप कंपनीगणिक वेगळं. कुठे शंभराला दहा, कुठे दोनास एक. ते वजनाने की मापाने हेही डब्यावर वाचावं लागतं. चुकलं की कायमचं चिकट. लवकर सुकावं म्हणून वर आणखी हार्डनर ओतणारे महाभाग आहेत, त्यांचं तर कधीच सुकत नाही. खरवडून काढण्याशिवाय इलाज नाही.

पुळणीवरून:
सगळे हवेत बोलताय. दुरुस्ती होते कधी? पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. होड्या वर ओढल्या जातात तेव्हा. आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत होडी मोकळी, त्याच दोन महिन्यांत हवा पाण्याने भरलेली. काचेच्या तंतूंना ओल अजिबात चालत नाही, रेझीन कुठलंही असो. शाकारलेल्या झापाखाली होडी कोरडी दिसते, पण तड्याच्या आत मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं.

एक साधी परीक्षा करा. घासलेल्या जागेवर प्लास्टिकचा जाड कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर काम सुरू करू नका. पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, हॅलोजनचा दिवा लांबून लावा, वाट बघा. माझं मत विचाराल तर मोठी दुरुस्ती मेमध्येच करावी, चार दिवसांची कमाई गेली तरी.

तांडेल:
मेत? मे म्हयन्यात पर्यटक आसतत, मासळेक भाव आसता. त्यावेळी होडी वर काढूक सांगणारो माणूस कधी समुद्रार गेलोच नसतलो.

पुळणीवरून:
गेलोय, तांडेल. म्हणूनच सांगतोय. जुलैत भरलेला तडा नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच उधाणात उघडतो, तेव्हा जास्त दिवस जातात.

भरतीओहोटी:
आमची प्रवाशांची होडी आहे, डॉल्फिन दाखवायची. इथे सरळ खाडीवरचाच्या बाजूने. मच्छीमार स्वतःच्या जिवावर निर्णय घेतो, तो त्याचा हक्क. आमच्याकडे लाइफ जॅकेट उलटं घालणारी माणसं आणि मांडीवर पोरं असतात. पठाणाजवळ, म्हणजे तळाच्या कण्याजवळ, तडा दिसला की आम्ही फेऱ्या बंद करतो आणि यार्डातून काम करून घेतो. वर रंग चोपडून सर्व्हेला, म्हणजे होडीच्या तपासणीला, उभ्या राहिलेल्या होड्या बघितल्यात. पैशाचा हिशोब तिथे काढूच नये.

वल्हं_आणि_वारा:
भरतीओहोटी, फेऱ्या बंद करता हे उत्तम. पण त्याने एपॉक्सी कुठे सिद्ध झालं? यार्डाने काय वापरलं विचारलंत?

भरतीओहोटी:
व्हिनिलएस्टर, असं बिलावर आहे.

रेझीन_बादली:
बघा! हा मधला रस्ता कुणीच काढला नव्हता. व्हिनिलएस्टर पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं, पाणी कमी शोषतं, साधी मॅट त्यात भिजते आणि वर जेलकोटही बसतो. किंमत दोघांच्या मधली. भानगड एकच, ते जास्त दिवस साठवता येत नाही, उन्हात ठेवलं तर डब्यातच घट्ट होतं. ताजं आणायचं.

ओघात एक सांगतो, कारण सुटं साहित्य आणून घरी काम करणारे इथे वाचत असतील. रेझीनमध्ये कोबाल्ट, म्हणजे गोठणं लवकर घडवणारं द्रावण, आधीच घातलेला नसेल तर तो आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण घोटायचा, मग हार्डनर. हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो. चष्मा नसेल तर काम करू नका, आणि काचेच्या धुळीसाठी नुसता रुमाल पुरत नाही.

खाडीवरचा:
व्हिनिलएस्टर मिळत असेल तर माझा विरोध नाही. माझा विरोध टपरीवर सुट्या मिळणाऱ्या स्वस्त रेझीनला आहे. ते घरांच्या पत्र्यांसाठी असतं आणि होडीला लावतात.

रेझीन_बादली:
मग धाग्याचं नाव बदला! साधं ऑर्थो, म्हणजे स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझीन पाण्याखाली नको, हे मी पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगतो. पाण्यात जास्त टिकणारं आयसो वापरा. तेही पॉलिएस्टरच आहे.

पुळणीवरून:
थरांचा क्रम कुणी लिहिला नाही. मोठा तुकडा आधी की लहान?

रेझीन_बादली:
लहान आधी, मोठा सगळ्यात वर. आमच्याकडे सगळे असंच करतात.

वल्हं_आणि_वारा:
मोठा आधी. उताराच्या पूर्ण पृष्ठभागाला एकच सलग थर चिकटतो आणि जोडाची ताकद तिथेच आहे. मोठा वर ठेवलात तर नंतर सपाट करताना त्याच्याच कडा घासून काढता, म्हणजे जो थर सगळ्यांना झाकून धरणार तोच कापला.

रेझीन_बादली:
कडा घासल्या जाऊ नयेत म्हणून उतार जरा खोल घ्यायचा. हात बसला की जमतं.

तांडेल:
ता सगळा ऱ्हवांदे. माझ्या होडयेक मशीन बसवतंय त्या मागच्या फळयेच्या दोनय कोपऱ्यांत तडे आसत. मशीन वाढवल्यार फळी हलता. आता बोला, खयचा रेझीन?

वल्हं_आणि_वारा:
काका, कुठलंच नाही, इतक्यात तरी नाही. त्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. मशीनच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आत जाऊन ते कुजलं असणार. पेचकसाच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. टणक आवाज आला तर प्लाय शाबूत, बद्द आला तर आत भुसा. बोल्ट काढल्यावर भोकातून तपकिरी पाणी गळलं तर शंकाच नको. आतली काच कापून प्लाय बदलायला लागेल.

खाडीवरचा:
आणि नवा प्लाय बसवताना प्रत्येक भोकाला आतून एपॉक्सी. भोक मोठं पाडायचं, एपॉक्सीने भरायचं, मग त्यात बोल्टाचं भोक. इथे तरी कुणी पॉलिएस्टर सुचवू नका.

रेझीन_बादली:
नाही सुचवत. लाकडाला एपॉक्सीच. काका, तोवर मशीन काढून ठेवा, मोकळी फळी मशीनसकट पाण्यात गेलेली मी पाहिली आहे.

तांडेल:
शनिवारी काढतंय. ठोकून बघून आवाज सांगतंय.