थर्मल थ्रॉटलिंगला काय म्हणाल? (गळचेपी सोडून)

अर्धाकच्चा :
प्रोसेसरचं तापमान दाखवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामचं मराठीकरण हौसेनं अंगावर घेतलंय. बाकी सगळं झालं, एका ओळीवर घोडं अडलंय. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपर्यंत तापला (इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअस, रायझन ७००० मालिका ९५) की तो आपणहून वेग कमी करतो. त्या वेळी पडद्यावर लाल अक्षरांत 'थर्मल थ्रॉटलिंग : होय' येतं. मी ते तसंच ठेवलं होतं. चाचणीला भाच्याला बसवलं, तर तो म्हणाला, "मामा, भारीच की! गरम झाला की जास्त पळतो होय?" तो मोटरसायकलवाला. त्याच्या लेखी थ्रॉटल देणं म्हणजे मूठ पिळणं. त्याला चूक म्हणायला जीभ रेटेना. यंत्रानुवादाला विचारलं तर 'औष्णिक गळा दाबणे' असं उत्तर आलं. जागा जेमतेम पंधरा अक्षरांची आहे. सुचवा.

खटाटोप :
तापमंदन. पाच अक्षरं. पुढचा प्रश्न?

शुद्धमती :
खटाटोप, जरा विग्रह करून बघा. तापमंदन म्हणजे तापाचे मंदन, षष्ठी तत्पुरुष. वाचणाऱ्याला वाटेल की ताप उतरला. तुम्हाला म्हणायचंय तापामुळे झालेलं मंदन. लाल अक्षरांत 'ताप उतरला : होय' लिहिलंत तर माणूस निर्धास्त होऊन पंखासुद्धा बंद करेल.

खटाटोप :
अहो ताई, 'भूकबळी' वाचून भूकच बळी गेली असं कोणी समजतं का? शब्द रुळला की विग्रह कोण करतंय!

शुद्धमती :
भूकबळी रुळला कारण तो लोकांच्या तोंडातून आला. तापमंदन तुमच्या कीबोर्डातून आलाय. आणि हो, ताप म्हणजे मराठीत आधी आजार, मग डोक्याला होतो तो, आणि उष्णता सगळ्यात शेवटी.

तिरकस :
भाचा बरोबर आहे आणि प्रोग्रामही बरोबर आहे. थ्रॉटलचं मूळ थ्रोट, म्हणजे घसा. क्रियापदाचा अर्थ पहिल्यापासून नरडं आवळणं. मग वाफेच्या इंजिनात वाफेच्या वाटेवरच्या झडपेला ते नाव मिळालं. १७८८च्या सुमारास जेम्स वॉटनं फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला तो हीच झडप आपोआप कमीजास्त करायला. झडप मिटली की इंजिन मंद, उघडली की जोरात. पुढे गाडीवाल्यांनी उघडण्याचा अर्थ उचलला, संगणकवाल्यांनी मिटण्याचा. तेव्हा शब्दशः मराठी हवं असेल तर 'गळचेपी' तयारच आहे, शीर्षकात तिला उगाच हाकललंत.

(जाता जाता, लिनक्समध्ये प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या भागालाही गव्हर्नरच म्हणतात. त्याचं 'राज्यपाल' करू नका म्हणजे मिळवलं.)

अर्धाकच्चा :
गळचेपी म्हटलं की मला निषेधसभा दिसते. शिवाय गळचेपी दुसरा कोणीतरी करतो. इथे प्रोसेसर स्वतःच स्वतःला आवरतोय.

मधलीओळ :
मग 'आवरतं घेतलं' म्हणा की! तापला म्हणून आवरतं घेतलं. यात कर्ता आपोआप आला.

शुद्धमती :
मधलीओळ यांच्याशी सहमत. पहिल्यांदाच.

जुनापट्टा :
आमच्याकडे पगार संपत आला की वडील म्हणायचे, "आता खर्चाला चाप लावा." 'वेगाला चाप', पाच अक्षरं, विग्रहाची भानगड नाही. आणि गंमत बघा, बंदुकीचा चाप ओढला की गोळी सुटते, पण खर्चाला चाप लावला की खर्च थांबतो. म्हणजे तुमच्या थ्रॉटलसारखाच हा शब्दही दोन्हीकडून वाजतो. माझ्या मते दोन्ही चाप धनुष्याचेच. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. ओढून धरलं की आवरलेलं, सोडलं की सुटलेलं.

तिरकस :
जुनापट्टा काका, धनुष्य छान आहे पण पटत नाही. कागदाचा चाप, केसांचा चाप कुठे ताणतो? तो दाबतो. खर्चाचा चाप त्या घरातला. चापणे, चेपणे, आणि फिरून आपली गळ-चेपी. म्हणजे तुम्ही मागच्या दारानं गळचेपीच आत आणलीत.

जुनापट्टा :
तुम्हाला सगळीकडे गळाच दिसतो. मी धनुष्यावरच ठाम आहे.

रात्रपाळी :
शब्दांचं माहीत नाही, पण ही लाल ओळ मला दोन आठवडे दिसत होती आणि कळत नव्हती, म्हणून लिहितो. प्रोसेसर ४.७ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेला, त्यासाठी व्होल्टेज १.३८ केलं. चाचणीत गुण आधीपेक्षा कमी! वेग वाढवला आणि काम मंदावलं. मला वाटलं, चिपच वाईट निघाली. नंतर आलेख नीट पाहिला तर पहिली काही सेकंद ५, मग ४.३, पुन्हा ५, पुन्हा ४.३, असा झोका. तापमान १००ला चिकटलेलं. शिकलो ते एवढंच : खर्च होणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर शक्ती २१ टक्के वाढते, सोबत वेगही १० टक्के वाढवला तर ३३. मी ५चा हट्ट सोडला, ४.९वर १.२८ व्होल्टला स्थिर झालो. नुसत्या व्होल्टेजच्या फरकानं शक्ती सुमारे १४ टक्के उतरली, तापमान ८८च्या वर जात नाही, आणि गुण ५च्या नावाखाली मिळत होते त्यापेक्षा जास्त.

प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर घ्यायचा विचार होता, पण कूलर उष्णता कमी करत नाही हे तेव्हा डोक्यात शिरलं. तो ती चिपपासून खोलीत हलवतो. प्रोसेसरनं १५० वॉट खाल्ले तर खोलीला १५० वॉट मिळणारच, कूलर लहान असो की मोठा. खोली पाच अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तेवढीच वर सरकते.

शुद्धमती :
हे फार महत्त्वाचं सांगितलंत! म्हणूनच 'थंड करणे' चुकीचं आहे. कूलर प्रोसेसर थंड करत नाही, निववतो. निवणे हा किती सुंदर शब्द आपण विसरलो. कूलरला 'निववणी' म्हणायला काय हरकत आहे?

खटाटोप :
हरकत अशी की दुकानदार विचारेल, "निवडणी? काय निवडायचंय?" लोक कूलर म्हणतात, कूलरच राहू द्या.

शुद्धमती :
लोक काहीही म्हणतात.

खटाटोप :
एक मिनिट. लोकांच्या तोंडातून आलेला शब्द खरा, असं वर तुम्हीच म्हणालात ना? हलकेच घ्या.

लयकारी :
उशिरा आले. मला ओव्हरक्लॉकिंगबद्दल बोलायचंय. प्रोसेसरच्या क्लॉकला लोक घड्याळ का म्हणतात? ते वेळ सांगत नाही, ठोके देतं. साधारण १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका, त्याला गुणक ५० लावला की ५ गिगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे बहुतेक वेळा हा गुणक वाढवणं. दुगुन, चौगुन म्हणतो तशी ही पन्नासगुन. मग थ्रॉटलिंग म्हणजे द्रुतातून विलंबितात येणं.

तिरकस :
विलंबित नेहमीच नाही. पेंटियम ४च्या काळात तापलेला प्रोसेसर लय कमी करत नसे, मधले मधले ठोके गाळत असे. थोडा वेळ चालू, थोडा वेळ गप्प. लय तीच, पण मात्रा रिकाम्या. वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणायची पद्धत त्यानंतरची, आणि ती जास्त परवडते, कारण रात्रपाळी म्हणतात तो व्होल्टेजचा वर्ग.

लयकारी :
म्हणजे ठोका चुकला! अर्धाकच्चा, 'ठोका चुकला : होय' लिहा. वाचणाऱ्याच्या काळजाचाही चुकेल.

नवखी :
रात्रपाळी, माझाही ९५ला जातो. रायझन ७००० आहे. पेस्ट बदलू का?

रात्रपाळी :
ताई, घाबरू नका, ती मालिका पूर्ण भाराखाली ९५ गाठूनच वेग काढते, तशीच बनवलीय. साधा मजकूर टाइप करतानाही ९५ असेल तर मात्र कूलर काढून बघा, दाब नीट बसला नसेल. पेस्ट थापू नका. ती प्रोसेसर आणि कूलर यांच्या धातूच्या पृष्ठांमधल्या बारीक फटी भरायला असते, धातूइतकी उष्णता वाहत नाही. इंटेलनं २०१२मध्ये मुख्य मालिकेत प्रोसेसरच्या झाकणाखालचं डाख काढून पेस्ट भरली, तेव्हा हौशी लोक झाकणं उचकटून पेस्ट बदलत बसले होते. २०१८मध्ये वरच्या मॉडेलांत डाख परत आलं.

शुद्धमती :
पेस्टला 'लेप' म्हणा.

जुनापट्टा :
लेप वरून लावतात. दोन वस्तूंच्या मधे भरतात ते लिंपण.

शुद्धमती :
लिंपण भिंतीचं असतं. लेप आणि लिंपण, दोन्ही 'लिप्'पासूनच.

जुनापट्टा :
धातू एक असला म्हणून अर्थ एक होत नाही.

खटाटोप :
धातूंमधल्या फटीत भरायचं आणि धातूवरूनच भांडायचं. वा.

अर्धाकच्चा :
मंडळी, मी तूर्तास 'तापला, वेग घटवला' असं भरलंय. नऊ अक्षरं. भाच्याला दाखवलं, या वेळी म्हणाला, "अरेरे."

शुद्धमती :
कोणी घटवला? कर्ता कुठे गेला? मधलीओळ यांचं 'आवरतं घेतलं' का सोडलंत?

मधलीओळ :
जाऊ द्या हो. पण अर्धाकच्चा, त्या प्रोग्राममध्ये खाली 'पॉवर लिमिट थ्रॉटलिंग' अशीही ओळ असते ना? तिथे प्रोसेसर तापलेला नसतो, वीज खाण्याची मर्यादा गाठलेली असते. ७० अंशांवरही वेग घटतो. तिथे काय लिहिलंत?

अर्धाकच्चा :
त्या ओळीवर आत्ता नजर गेली.