मजला चढवण्याआधी वजन बघा
वाचनालयाला जागा पुरत नाही, तर ‘जुन्याच इमारतीवर एक मजला चढवा, प्रश्न मिटला’ असं काही जण म्हणतात. पण पुस्तकांचं वजन? राहत्या घराच्या स्लॅबला चौरस मीटरमागे साधारण 200 किलो भार धरतात, ग्रंथदालनाला किमान 600. आमच्या वाचनालयात लोखंडी कपाटांच्या पायांखाली शहाबादी फरशी खचलीय. दारं लागत नाहीत म्हणून सुतळीनं बांधलीत. (आत जुने दिवाळी अंक. कोण चोरणार म्हणा!)

पणजीत 1832 साली सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय शेवटी शहरातल्याच पाटो भागात नव्या इमारतीत नेलंच की. ते आधी जिथं होतं ती मिनेझिस ब्रागांझा संस्थेची जुनी वास्तू त्यासाठी पाडावी लागली नाही, दारातल्या निळ्या टाइल्स अजून शाबूत आहेत. आणि नवी जागा कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याजोगी. आपणही नवी इमारत बांधू, फक्त गावाबाहेरचा फुकटचा भूखंड घेऊ नका एवढंच.