पायथनमधे मराठी बातम्यांचे शब्द मोजले तर 'मर', 'गप' असलं येतंय, पुणे गायब

कॉमर्सवाली_सातारा:
नमस्कार मंडळी, मी बीकॉम झालेय, सध्या डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स करतेय आणि त्यात भाषेचा चॅप्टर सुरू झालाय. सगळी उदाहरणं इंग्रजीतली, म्हटलं आपण मराठीवर करून बघू. बातम्यांच्या हेडलाइन्सची फाइल घेतली, सायकिट-लर्न (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी) मधलं काउंट-व्हेक्टरायझर हे शब्द मोजायचं टूल लावलं (कोर्समधलाच कोड, काही बदललं नाही) आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते काढलं. तर लिस्टमधे 'मर', 'गप', 'मह' असलं काय काय येतंय आणि पुणे कुठेच नाही, फाइलमधे तर पुण्याच्या बातम्या ढिगाने आहेत! फॉन्टचा प्रॉब्लेम आहे का? आणि एक बेसिक शंका, हसू नका, कॉम्प्युटरला मुळात शब्द दिसतो का फक्त अक्षरं दिसतात?

जुना_कोडर:
फाइल युनिकोडमधे (प्रत्येक चिन्हाला ठरलेला नंबर देणारी पद्धत) असेल तर फॉन्टचा काही संबंध नाही. कॉम्प्युटरला शब्द पण दिसत नाही नि अक्षर पण नाही, नंबर दिसतात. म चा एक नंबर, र चा एक, आणि काना, वेलांटी, उकार यांचे परत वेगळे. 'मराठी' आपल्याला तीन अक्षरं, पायथनला लांबी विचार, ५ सांगेल. 'क्षत्रिय'ची ८, कारण मोडलेला पाय पण वेगळा मोजतो.

आता तुझी भानगड. त्या व्हेक्टरायझरचा डिफॉल्ट नियम म्हणजे सलग दोन किंवा जास्त 'वर्ड कॅरेक्टर' आले की तो शब्द, आणि पायथनचं नेहमीचं रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सोय) काना-मात्रा-वेलांटीला वर्ड कॅरेक्टर मानतच नाही, तिथे कापतं. म्हणून 'मराठी'चं 'मर' झालं, ठ एकटा राहिला म्हणून टाकून दिला. 'महाराष्ट्र'चं 'मह'. 'नागपूर'मधे न एकटा, र एकटा, मधलं 'गप' तेवढं वाचलं 😄 'पुणे'त तर प आणि ण दोघंही एकटे, सगळंच गेलं. टोकन पॅटर्न (शब्द कशाला म्हणायचं तो नियम) बदल, देवनागरीच्या युनिकोड नंबरांची रेंज दे, ०९०० ते ०९७एफ. नाहीतर आधी स्पेसवर तोड, मग विरामचिन्हं काढ.

कॉमर्सवाली_सातारा:
बापरे 'गप' म्हणजे नागपूर होतं 😂 रेंज दिली, चाललं! पण आता 'आहे', 'आणि', 'या' हेच सगळ्यात वर. आणि पुणे, पुण्यात, पुण्याच्या, पुण्याला हे चार वेगळे शब्द मोजतोय. ला, त, च्या हे शेवटून कापून टाकू का सरळ?

नगरकर_अण्णा:
'आहे-आणि'ची यादी करून वगळा, त्याला स्टॉपवर्ड म्हणतात, पन्नासेक शब्द हाताने लिहिले तरी हेडलाइन्सना पुरतात. पण सरळ कापू नका ताई. 'ला' कापलात की 'आला'चा 'आ' होईल, 'गेला'चा 'गे', आणि अकोल्याचं 'अको'. दुसरं म्हणजे मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्दच बदलतो, शाळेत शिकलेलं सामान्यरूप आठवा. 'पाण्याला'तला 'ला' काढून 'पाण्या' उरतं, पाणी नाही. 'दगडाला'तून 'दगडा' उरतं तिथे काना काढायचा, 'राजाला'तला मात्र ठेवायचा. आणि 'मुलाला' तर मूल पण असेल नि मुलगा पण, एकट्या शब्दावरून माणसालाही सांगता येणार नाही, आजूबाजूचं वाक्यच बघावं लागतं. म्हणून नुसतं शेपूट छाटणं (स्टेमिंग) वेगळं आणि शब्दकोशाच्या मदतीने मूळ रूप शोधणं (लेमटायझेशन) वेगळं.

अजून एक, 'ऱ्या' टाइप करायच्या एकाहून जास्त पद्धती आहेत, दिसायला सारखं पण आत नंबर वेगळे. त्यामुळे 'शेतकऱ्यांना' दोनदा वेगवेगळं मोजलं गेलं तर घाबरू नका, आधी नॉर्मलाइझ करून घ्या, म्हणजे सगळीकडे एकच पद्धत करा.

टोकन_पाटील:
अण्णांचं बरोबर आहे पण एवढे कष्ट मोजणीपुरतेच घ्यावेत असं माझं मत. विषय कुठला ते काढायचं असेल तर प्रत्यय काढलेले चालतात. अर्थ हवा असेल तर अजिबात काढू नये, कारण मराठीत कोणी काय केलं ते प्रत्ययातच असतं. 'कुत्र्याने मांजराला पळवलं' आणि 'मांजराने कुत्र्याला पळवलं', दोन्हीतले प्रत्यय काढून शब्द मोजले तर यादी एकच येते, कोण कोणाच्या मागे लागलं ते गेलं. इंग्रजीत ते काम शब्दांचा क्रम करतो, म्हणून तिकडचे कोर्स प्रत्यय छाटायला बिनधास्त सांगतात.

हल्लीची मॉडेलं व्याकरण बघून कापतच नाहीत. भरपूर मजकुरात जे तुकडे शेजारी शेजारी जास्त वेळा येतात ते जोडत जायचे, 'च्या' सारखे तुकडे आपोआप तयार होतात. मग प्रत्येक तुकड्याला आकड्यांची एक रांग द्यायची, सारख्या शेजारात येणाऱ्यांचे आकडे जवळ जवळ येतात. ही जवळ-लांबची आयडिया २०१३च्या वर्ड-टू-व्हेक या मॉडेलने गाजवली, नंतरच्या फास्टटेक्स्ट मॉडेलने शब्दाच्या आतले तुकडे पण घेतले, मराठीला ते जास्त सोयीचं, त्यांचे मराठीचे तयार व्हेक्टर (म्हणजे त्या आकड्यांच्या रांगा) फुकट मिळतात. आणि 'मुलाला'सारखा घोळ सोडवायला पूर्ण वाक्य एकत्र बघणारी ट्रान्सफॉर्मर मॉडेलं आली, तो पेपर २०१७चा. पण मराठीला इथेही थोडा फटका आहेच, यूटीएफ-८मधे (युनिकोड फाइलमधे साठवायची पद्धत) देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, इंग्रजीचं १, त्यामुळे मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला टोकनायझर (मजकुराचे तुकडे करणारा भाग) आपल्या वाक्याचे फार बारीक तुकडे करतो.

तुला सध्या पॅटर्न, स्टॉपवर्ड आणि पुण्याची चार रूपं एकत्र करणारी छोटी डिक्शनरी एवढं बास.

कॉमर्सवाली_सातारा:
शहरांच्या नावांची डिक्शनरी आत्ताच करायला घेतली. 'साताऱ्यात' पण दोन प्रकारे सापडलं फाइलमधे, अण्णा 🙏