मदत हवी आहे: खजिन्याचे एक्सपी (अनुभवाचे गुण) मूळ किमतीवर द्यायचे की विक्रीच्या?

नमस्कार मंडळी,

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळाची १९८१ची बेसिक-एक्सपर्ट आवृत्ती खेळतो, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे. या आवृत्तीत राक्षस मारून फारसं हाती लागत नाही. खरे एक्सपी खजिन्याचे, सुखरूप बाहेर आणलेल्या दर सोन्याच्या नाण्याच्या किमतीमागे एक. त्यामुळे वस्तूची किंमत काय धरली यावर कोण कधी लेव्हल चढणार ते ठरतं.

गेल्या खेळात एका थडग्यात पाचूंचा हार मिळाला. दागिन्याची किंमत तीन सहा-बाजूंच्या फाशांची बेरीज गुणिले १००. फासे ११ पडले, म्हणजे १,१०० नाणी. गावात सराफ एकच. आमच्या चोराने (एका खेळाडूचं पात्र) भरपूर घासाघीस केली, पण सराफ ७००च्या वर सरकेना. पाच जणांत वाटणी केली तर माणशी २२० एक्सपी की १४०? चोराला दुसऱ्या लेव्हलला १,२००च लागतात, त्याला हा फरक जाणवतो.

आगीत किंवा चिरडून दागिना खराब झाला तर किंमत निम्मी, हे पुस्तकात आहे. सराफाने किती कापावं याचा नियम मला सापडला नाही. पाचव्या आवृत्तीत शस्त्रं-चिलखतं निम्म्या किमतीत विकली जातात आणि रत्नं-दागिने पूर्ण, पण तिथे एक्सपी सोन्याला बांधलेले नाहीत.

माझा कल पूर्ण किमतीकडे आहे. जीव धोक्यात घातला तो थडग्यात, सराफाच्या पेढीवर नाही. शिवाय जादूगाराला हार विकायचाच नाही, गळ्यात घालायचाय. विक्रीवर एक्सपी ठेवले तर हाराचे एक्सपी सगळ्यांचेच बुडतील.

अडचण वेगळीच आहे. मी किंमत आधी सांगत नाही, फक्त वर्णन करतो: जड सोनं, हिरवे खडे, एक कडी तुटलेली. दागिन्याचं वजन १० नाण्यांएवढं, तांब्याची मात्र १०० नाणी उचलावीत तेव्हा सोन्याच्या एका नाण्याएवढी किंमत होते. काय उचलायचं, काय टाकायचं हे अंदाजाने ठरवताना जी चर्चा रंगते ती मला अजिबात गमवायची नाही. पण बाहेर पडताच पूर्ण एक्सपी वाटले की मूळ किंमत उघडी पडते आणि सराफ फसवतोय का हा प्रश्नच उरत नाही.

एक्सपी उशिरा देता का? की पारखी माणसाला फी देऊन किंमत काढून घ्यायला लावता? या आवृत्तीत बरेच दिवस डीएम असलेल्यांनी कृपया सांगा, शनिवारी पुढचा खेळ आहे.