मनगटावरचा बँड कुठे चुकतो? अनुभव लिहा

चरई, ठाणे
तलावपाळीवर फेऱ्या घालून बाकावर टेकलं की बोलणं हमखास बँडवर येतं. पावलं कमी का धरली, ठोके एकदम १६० कसे, रात्री सिंक का झालं नाही, म्हणजे बँडची नोंद फोनमध्ये का उतरली नाही. म्हणून हा धागा. काय दिसतं, तसं का होतं आणि काय केल्यावर थांबतं, एवढं नेमकं लिहा. कंपनीचं नाव नको, दुखणी सगळ्यांची सारखीच आहेत.

सुरुवात पावलांपासून. बँडला पाय दिसत नाहीत, तो हाताचा झोका मोजतो. जांभळी नाक्यावरून भाजीची जड पिशवी घेऊन निघालेला हात हलत नाही, बाबागाडी ढकलणाराही नाही, त्यामुळे पावलं गळतात. उलट कणीक तिंबताना, खोबरं खवताना, खड्ड्यांतून रिक्षा उडताना फुकटची पावलं चढतात. बँड कामाच्या हातात घालू नका, आणि कुठल्या हातात आहे ते ॲपमध्येही नोंदवा. मग मनात मोजून १०० पावलं सरळ चाला. ९५ ते १०५ दाखवली तर बँड ठीक आहे.

कोपरखैरणे
पावलं बरोबर असूनही अंतर चुकतं, कारण ॲप पावलाची लांबी उंचीवरून ठरवतं, उंचीच्या साधारण ४१ टक्के. १५८ सेंमी उंचीला ६५ सेंमी. सोसायटीच्या आवारात खडूने रेघ मारा, चालत येऊन ती ओलांडा, तिथून नेहमीच्या चालीने २० पावलं टाका आणि टेपने मोजा. १२ मीटर भरले तर पाऊल ६० सेंमीचं. हा ५ सेंमीचा फरक १०,००० पावलांत अर्धा किलोमीटर होतो.

आणि त्या १०,०००चा धसका घेऊ नका. १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा तिथून रुळला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांत आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा.

वर्तकनगर, ठाणे
ठोक्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण माणसं इथेच घाबरतात.

बँडच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीत प्रकाश सोडतात. रक्त तो शोषून घेतं, आणि दर ठोक्याला परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. मोजला जातो तो हा फरक. पट्टा सैल असेल तर बँड पावलागणिक उचलला जातो आणि ठोक्यांऐवजी पावलांचा ताल धरतो. धावताना मिनिटाला १६०-१७० पावलं पडतात, म्हणून ठोकेही तेवढेच दिसतात. शंका आली तर थांबा. खरे ठोके हळूहळू उतरतात, खोटा आकडा धप्पकन पडतो. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा, ताडून बघा.

चालायला निघताना बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, पट्टा एक घर घट्ट करा. घरी आल्यावर पुन्हा सैल. त्या जागी गोंदण असेल तर हात बदला, शाई प्रकाश अडवते.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर जास्तीत जास्त ठोक्यांचं ‘२२० वजा वय’ हे गणित सोडून द्या, त्या गोळ्या ठोके चढूच देत नाहीत. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही चाल मध्यम व्यायामाची. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर बँडचा आकडा कितीही चांगला असो, डॉक्टर गाठा.

ऐरोली
सिंक न होण्याचं मूळ बहुतेकदा फोनमध्ये असतं. बॅटरी वाचवायला ॲन्ड्रॉइड मागे चाललेलं ॲप बंद करतो. सेटिंग्ज, ॲप्स, बँडचं ॲप, बॅटरी असं जाऊन ‘अनिर्बंध’ निवडा. ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा. जुना फोन घरातच असेल तर त्यावरून बँड काढून टाका, नाहीतर बँड त्यालाच चिकटून बसतो. ‘फॅक्टरी रीसेट’ सगळ्यात शेवटी, कारण सिंक न झालेली नोंद त्यात पुसली जाते.

नेरूळ
कॅलरींवर मात्र अजिबात विसंबू नका. ४५ वर्षांची, १५८ सेंमी उंच, ६५ किलोची बाई दिवसभर नुसती पडून राहिली तरी सूत्राने सुमारे १,२५० कॅलरी खर्च होतात, आणि पुष्कळ बँड त्याही एकूण आकड्यात धरतात. तिने सपाटीवर ५ किलोमीटर चालून जादा जळतात त्या १६० च्या आसपास. एक वडापाव त्याहून भारी पडतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात बँड तपासले. ठोके बहुतेकांचे ठीक आले, पण कॅलरींत सर्वांत बरा बँडही सरासरी २७ टक्के चुकला, सर्वांत वाईट ९३ टक्के. जेवणाची नोंद ठेवायचं ॲप बँडला जोडलं असेल तर ‘व्यायामाच्या कॅलरी मिळवा’ हा पर्याय बंद करा. वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांनी आधी तिथेच बघावं.

कळवा
पावसाळ्याचं राहिलंच. पट्ट्याखाली घाम आणि साबण अडकून पुरळ येतं. रोज पट्टा साध्या पाण्याने धुवा, हात आणि पट्टा दोन्ही कोरडे करूनच घाला. बँडवर लिहिलेलं ‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर खोल बुडवायची परवानगी नव्हे, तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. गरम पाण्याच्या आंघोळीत आतलं रबर सैल पडू शकतं, तेव्हा बँड बाहेर ठेवा. चार्ज होईनासा झाला तर मागच्या दोन पितळी ठिपक्यांवर घामाचा हिरवट थर बसलाय का बघा. जुन्या मऊ टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लावून हलकेच घासा, दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच चार्जरला लावा.