मदत हवी आहे: नारिता एक्सप्रेसमध्ये ग्रीन कार घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आमचे आई-आप्पा जळगावहून मुंबईमार्गे ताईकडे टोकियोला जाताहेत. नारिता विमानतळावरून टोकियो स्टेशनपर्यंत नारिता एक्सप्रेसला साधारण तासभर लागतो. तिच्या वरच्या वर्गाला ग्रीन कार म्हणतात. साध्या डब्यातही सगळ्या जागा आरक्षितच असतात. परदेशी पाहुण्यांचं जाऊन-येऊन सवलतीचं तिकीट साध्या डब्याचंच, तेही १४ दिवसांपुरतं. हे तर महिनाभर राहणार, म्हणजे ते बाद.

आप्पांचे गुडघे फार दुखतात. रात्रभर विमानात आखडून आल्यावर पाय लांब करायला ग्रीन कारमध्ये खरंच जास्त जागा मिळते का? आई बिबड्यांचा डबा चुरा होऊ नये म्हणून मांडीवरच घेऊन बसणार. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर जरूर सांगा. आरामाला पैसे मोजायची आमची तयारी आहे.