वावर विकून पुण्यात फ्लॅट? शहरांच्या भाववाढीचे तक्ते गावाने कसे वाचायचे

आर्णीचा मास्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यात सध्या बाजार समितीच्या आवारात आणि कृषी केंद्रांच्या ओट्यांवर पुण्यातल्या गृहप्रकल्पांची पत्रकं वाटली जात आहेत. प्रत्येक पत्रकावर मोठ्या शहरांचा तक्ता असतो. कोणत्या शहरात घरांचे भाव वर्षभरात किती टक्के वाढले, शेजारी वर जाणारा हिरवा बाण. खाली बारीक अक्षरात 'सुपर बिल्ट-अप' क्षेत्रफळ. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. हा तक्ता पाहून लोक वावर विकायला काढू लागलेत, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. या तक्त्याच्या भरवशावर एक गुंठाही विकू नये.

एकाच शहराचे तीन वेगळे आकडे असू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या भावाचा निर्देशांक नोंदणी कार्यालयातल्या दस्तांवरून निघतो. राष्ट्रीय आवास बँकेचा 'रेसिडेक्स' ५० शहरांचा आहे, पायाभूत वर्ष (ज्या वर्षाचा भाव १०० धरतात ते) २०१७-१८. त्यातला एक आकडा बँका कर्ज देताना घराचं जे मूल्यांकन करतात त्यावरून काढतात, दुसरा बांधकाम सुरू असलेल्या घरांच्या बाजारभावावरून. तिसरा तक्ता खासगी सल्लागार कंपन्यांचा. त्यात बहुतेक वेळा नव्या प्रकल्पांचे बिल्डरने जाहीर केलेले दर असतात. पत्रकावर कोणता छापलाय, हे कुणी विचारतं का?

रिझर्व्ह बँकेच्या जुन्या मालिकेत, म्हणजे २०१०-११ हे वर्ष १०० धरून काढलेल्या, दहाच शहरं होती. मुंबई होती, कानपूर होतं, कोची होतं. पुणे आणि नागपूर नव्हतं. आता पायाभूत वर्ष २०२२-२३ केलं, शहरं अठरा झाली, तेव्हा पुणे, ठाणे, नागपूर आत आले. मग जुन्या मालिकेतला मुंबईचा आकडा आणि नव्या मालिकेतला पुण्याचा आकडा शेजारी ठेवून 'पुणे मागे' किंवा 'पुणे पुढे' म्हणण्यात अर्थच उरत नाही.

टक्क्यांचंही तसंच. एका शहरात चौरस फुटाचा भाव ५,००० वरून ७,५०० झाला, तर वाढ ५० टक्के. दुसरीकडे २०,००० चा २६,००० झाला, तर ३० टक्के. तक्त्यात पहिलं शहर वर दिसेल. पण दुसऱ्या शहरात घर घेऊ पाहणाऱ्याच्या डोक्यावर फुटामागे ६,००० रुपये जास्त चढलेत, पहिल्यात २,५००. टक्के मालकासाठी असतात, घेणाऱ्याला रुपये मोजावे लागतात. आणि आपण घेणारे आहोत.

हिंजवडी ते दिग्रस

सर, तुमचा आदर ठेवून सांगतो, हा सल्ला घातक आहे. मी मूळ दिग्रसचा, पुण्यात आयटीत आहे. २०१९ मध्ये माझ्याबरोबरच्या दोघांनी वाकडला फ्लॅट घेतले, मी 'भाव उतरू दे' म्हणत थांबलो नव्हतो, मीही घेतला. आज तोच फ्लॅट माझ्या पगाराच्या आवाक्यात राहिला नसता. ज्यांनी गावाकडच्यांचं ऐकून भाड्यानं राहायचं ठरवलं, त्यांचं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं आणि घरमालक कधीही निघा म्हणतो.

निर्देशांकाच्या पद्धतीत त्रुटी असतील. पण तिन्ही तक्त्यांची दिशा एकच आहे ना? २०२० नंतर मोठ्या शहरांत भाव वरच गेले. राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, नंतर मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी. मे २०२० ला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आला, गृहकर्ज स्वस्त झालं. त्या लाटेत जो आत शिरला तो तरला. कोरडवाहू वावर याच काळात मालकाला काय देत होतं, ते लिहा. सोयाबीनवर येलो मोझॅक, कापसावर बोंडअळी, आणि दोन्ही वाचलं तर भाव नाही. वावर भावनेनं धरून ठेवायचं आणि पोरानं आयुष्यभर भाडं भरायचं, हा कुठला हिशोब?

धुऱ्यावरून

मास्तर, दोघायचं वाचलं. माह्याकडं सहा एकर कोरडवाहू हाये. २०२२ च्या सुरुवातीले कापसाले दहा हजाराच्या वर भाव भेटला तवा वाटलं दिवस पालटले. मंग पुन्हा खाली. पोट्टा पुण्याले कंपनीत हाये. पोरीवाले पयले इचारतात, शहरात घर हाये का? वावर हाये म्हटलं का फोन ठेवून देतात. तक्ता आमी नाई पाहत, हे पाहतो. तीन एकर इकू का नको, येवढं सांगा.

आर्णीचा मास्तर

दादा, तुमच्या प्रश्नाला येतो. आधी हिंजवडीच्या भाऊंना उत्तर देतो, कारण तुमचा निर्णय त्यातच आहे.

भाऊ, तुम्ही २०१९ पासून मोजलं म्हणून चित्र गोंडस दिसतं. २०१४ मध्ये घेतलेल्याला विचारा. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रणाचा कायदा, आणि जीएसटी, २०१८ मध्ये बिगरबँक वित्तसंस्थांकडचा पैसा आटला. त्या पाच-सहा वर्षांत मुंबई-पुण्यात भाव जवळपास जागेवर राहिले. महागाई वजा केली तर घटले. दिल्लीजवळच्या नोएडा-ग्रेटर नोएडात तर हजारो लोक हप्ते भरत राहिले आणि इमारती अर्धवट. तिथल्या आम्रपाली या बिल्डरचे प्रकल्प शेवटी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवले. तिथल्या गावांनीही जमिनी देऊनच ती शहरं उभी केली होती.

शहराशहरांची तुलना नीट करायची तर अमेरिकेतला केस-शिलर निर्देशांक पाहावा. तो एकच घर पहिल्यांदा कितीला विकलं आणि पुन्हा कितीला विकलं, अशा जोड्या लावून निघतो. त्यामुळे मोठी-लहान घरं मिसळून आकडा फुगत नाही. जानेवारी २००० म्हणजे १००, आणि वीस शहरं. २००६ नंतर लास वेगासचे भाव ६० टक्क्यांहून जास्त पडले. त्याच देशात, त्याच काळात डॅलस दहा-अकरा टक्क्यांच्या आसपासच घसरलं. टेक्सासात बांधायला जागा भरपूर, आणि आधीच घेतलेलं घर तारण ठेवून किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे कर्ज काढता येत नाही. त्यामुळे फुगाही मोठा झाला नव्हता. पुढची गोष्ट महत्त्वाची. २०१३ मध्ये वर्षभराच्या वाढीत पहिला नंबर लास वेगासचा! १०० चे ३८ झाले, मग त्यात ५० टक्के वाढ झाली तरी ५७ च होतात. वर्षाचा तक्ता मात्र ते शहर सगळ्यांत वर दाखवतो. आपल्या पत्रकांवर असाच एका वर्षाचा तक्ता असतो.

वणीची लेक

माझा विरोध दोघांनाही आहे. चर्चा सगळी बाप आणि पोराची चालली आहे. वडिलोपार्जित वावरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचा अर्थ आणखी पक्का केला. तरी प्रत्यक्षात काय होतं? वावर असतं तोवर सातबाऱ्यावर निदान नाव चढवता येतं. ते विकून पुण्यात भावाच्या नावावर फ्लॅट झाला की बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात, दिवाळीला साडी देतात, विषय संपला. आमच्या घरी हेच झालं. म्हणून शहरातल्या भाववाढीचं कौतुक मला सांगू नका, ती वाढ घरातल्या निम्म्या माणसांपर्यंत येतच नाही.

आणि घ्यायचाच तर बाईच्या नावानं घ्या. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे.

रिंग रोड नागपूर

पुण्याचाच हट्ट कशाला? नागपूर तुमच्यापासून तीन-चार तासांवर. मेट्रो २०१९ पासून धावते, मिहान उद्योगक्षेत्रात नोकऱ्या आहेत. पुण्यातल्या एका बीएचकेच्या पैशात इथे दोन खोल्या जास्त येतात.

फक्त समृद्धी महामार्गाच्या नावानं प्लॉट विकणाऱ्यांपासून सांभाळा. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला उघडला, पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ ला. पण त्या रस्त्यावर चढ-उतार ठरावीक ठिकाणीच आहे. इंटरचेंजपासून लांबच्या वावराला रस्ता नुसता दिसतो, उपयोग होत नाही. तिथं एनए (बिगरशेती परवानगी) नसलेले तुकडे 'फ्युचर सिटी' म्हणून विकतात.

हिंजवडी ते दिग्रस

रिंग रोड भाऊ, नोकरी पुण्यात आणि घर नागपुरात घेऊन पोरानं करायचं काय? रोज थोडंच जाणार आहे?

सर, २०१४ चा मुद्दा मान्य. पण त्यातून 'शहरात घेऊ नका' हे निघत नाही, 'केव्हा घेता आणि किती वर्षं राहता' हे निघतं. ज्याला राहायलाच घर हवंय त्याला मधल्या पाच वर्षांच्या मंदीनं फरक पडत नाही. तुम्ही लास वेगास दाखवता, तिथं लोकांनी न परवडणारी कर्जं घेतली होती. आपल्याकडे बँक पगारपत्रक पाहिल्याशिवाय दारात उभं करत नाही.

आर्णीचा मास्तर

राहायला घ्यायला माझी ना नाहीच. पण मग भाववाढीचा तक्ता दाखवून वावर का मागता? राहायच्या घराचा भाव वाढला तरी हातात काही येत नाही, विकून जाणार कुठं? शेजारचं घरही तितकंच महागलेलं असतं. हप्ता पोराच्या पगारातून जावा. ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं म्हणजे महिन्याला ३४,७०० च्या घरात. पगाराला ते झेपत नसेल तर घर लहान घ्यावं, जरा आतल्या भागात घ्यावं. बापाचं वावर त्या फरकात घालू नये.

कर सल्लागाराकडे काम करतो

धुऱ्यावरून काकाजी, विकायच्या आधी चार गोष्टी तपासा.

तुमचं वावर कायद्यानं 'ग्रामीण शेतजमीन' ठरतं का पाहा. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर, एक ते दहा लाख असेल तर ६ किलोमीटरच्या बाहेर, त्याहून मोठं शहर असेल तर ८ किलोमीटरच्या बाहेर. अंतर सरळ रेषेत मोजतात. बाहेर असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. फ्लॅट मात्र उद्या विकाल तेव्हा कर लागेल. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, आणि त्यानंतर घेतलेल्या घराला महागाईची वजावट नाही. म्हणजे कर नसलेली मालमत्ता विकून कर असलेली घेताय, हे ध्यानात ठेवा.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन, असं लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विकता येणार नाही.

सगळ्यांत मोठं म्हणजे सहाच्या सहा एकर कधीच काढू नका. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळकायद्यानं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शेवटचा तुकडा गेला की तुमचा पोरगा, नातू पुढं कितीही कमावोत, वावर घेताना दारातच अडतील. शहरातला फ्लॅट विकून दुसरा घेता येतो. शेतकरी ही ओळख तशी परत घेता येत नाही.

धुऱ्यावरून

हे कोणी सांगतलंच नोतं. दलाल म्हणे का सहाही एकर एकठोक देले तं भाव चांगला भेटते.

मंग असं करतो. तीन एकर ठोक्यानं, म्हंजे सालाच्या भाड्यानं, देतो, तीन मी वाहतो. पोट्ट्याले म्हणतो तुह्या पगारात बसन येवढंच घर पाय, कमी पडलं तं एक एकराचं पाहू. एकराच्या वर नाई.

वणीची लेक

काकाजी, मुलगी आहे ना तुम्हाला? तिला विचारलं का?

धुऱ्यावरून

हाये. दारव्ह्याले देली. तिले इचारलं नाई अजून. दिवाळीले येईन तवा तिच्या पुढ्यातच बोलतो. तवर कोणाचा इसार घेत नाई.